टाकीपाशी सापडलेला

"तुमचाच का हा?" खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, आणि ती म्हणाली, "नाही."

एवढंच झालं. सांगायला बसलं तर यात सांगण्यासारखं काही नाही. सकाळची वेळ, प्राण्यांच्या धर्मादाय दवाखान्याचा लांबट व्हरांडा, फिनेलचा वास, बाकावर टोपलीत मांजर घेऊन बसलेला एक म्हातारा, आणि कारकून दिवसातून पन्नासदा विचारत असेल असा एक प्रश्न. उत्तर तिने आदल्या दिवसापासून घोकून ठेवलं होतं. भांडी घासताना, वेणी घालताना, बसची वाट बघताना. नाही, माझा नाही, रस्त्यात सापडला. घोकताना तो शब्द हलका होता, पाठ केलेल्या कवितेतल्या शब्दासारखा, ज्याचा अर्थ विचारायचा नसतो. तोंडातून बाहेर पडला तेव्हा मात्र काहीतरी झालं. लघवी तुंबून पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं असतानाही इतका वेळ जी शेपटी फरशीवर सप् सप् करत होती, ती थांबली. हळू झाली नाही, थांबली. कुत्र्याला माणसाची बोली कळत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिने खाली पाहिलं नाही. "कुठं सापडला?" कारकुनाने विचारलं. "पाण्याच्या टाकीपाशी. छापखान्याच्या मागं." ती टाकी तिने बसच्या खिडकीतून दोनदा की तीनदा पाहिली असेल, चार खांबांवर उभी, खाली सावली, एवढंच आठवत होतं. "नर, नऊ-दहा वर्षांचा, रंग तांबूस, बेवारस," कारकून बोलत गेला आणि लिहीत गेला. "खूण काही?" "मला मेलीला काय माहीत!" ती म्हणाली, आणि आपण किती सफाईने खोटं बोलतोय याचं तिला क्षणभर कौतुकच वाटलं. "सही करा. जनावर माझ्या मालकीचं नाही, म्हणून." तिने सही केली. आतून एक माणूस आला, त्याने गळ्यात दोरी अडकवली आणि रावसाहेबांना घेऊन गेला. दाराशी ते वळून पाहतील म्हणून तिने डोळे घट्ट मिटून घेतले. उघडले तेव्हा दार लागलेलं होतं. त्यांनी वळून पाहिलं की नाही, हे आता कधीच कळणार नव्हतं.

रावसाहेब हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. तो एकदा कामावरून येताना डब्याच्या पिशवीत घालून हे मूठभर पिल्लू घेऊन आला. पिल्लू पिशवीतून बाहेर पडलं ते थेट घरातल्या एकुलत्या एक खुर्चीवर चढलं आणि चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यासारखं तोंड करून बसलं. "अगं, उठून उभी राहा, साहेब आलेत!" नवरा म्हणाला, आणि दोघं इतकी हसली की तिला उचकी लागली. नवरा जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून ज्याला "अहो" म्हणावं असं घरात एकच माणूस उरलं होतं, आणि ते चार पायांवर चालायचं. अहो, जेवून घ्या, मला उशीर होतोय. अहो, काय ऐकताय एवढं कान देऊन, काही नाही तिथं. लोक हसायचे. ती म्हणायची, हसा बापडे. जीव सगळ्यांत एकच भरलाय, कुणात चार पायांवर तर कुणात दोन, एवढाच काय तो फरक. आणि हे ती नुसतं म्हणायची नाही, तिला ते तसंच वाटायचं. म्हणून तर त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिला काही केल्या पाय कुठे पडतोय ते कळेना.

दुसरा मार्ग नव्हता, असं म्हणणं सोपं आहे. पण खरंच नव्हता. मूतखडा अडकलाय, दोन दिवसांत कापून काढला नाही तर खेळ खलास, असं मोठ्या रस्त्यावरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. फार सज्जन माणूस. रावसाहेबांच्या डोक्यावरून हात फिरवत त्यांनी जो आकडा सांगितला, तो तिच्या पाच महिन्यांच्या पगाराएवढा होता, आणि निम्मे आधी. त्या डॉक्टरांपर्यंत पोचणं हीच मुळात यात्रा. बसमध्ये कुत्रा घेत नाहीत. तीन टॅक्सीवाल्यांनी आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे पाहून काचा वर केल्या. चौथ्याने नेलं, पण दुप्पट घेतले आणि वर "सीटवर काही झालं तर बघा" म्हणाला. झालं असतं तर तिने पेढेच वाटले असते. होत नव्हतं हेच तर दुखणं होतं. धर्मादाय दवाखान्यात पाळीव जनावरांना सवलत होती, पण नंबर लावून, आणि नंबर अकरा आठवड्यांनी लागायचा. बेवारस जनावर आलं तर त्याच दिवशी टेबलावर, आणि फुकट. नियम वाईट नव्हता. ज्याला कुणी नाही त्याला आधी घ्यायचं, यात वाईट काय? ती स्वतः तिथे बसली असती तर तिनेही तसाच केला असता.

"मग पट्टा काढा की, झालं काम," इस्त्रीवाला म्हणाला होता. ती एका लाँड्रीत कामाला होती. आलेल्या प्रत्येक कपड्याच्या आत नंबराची कापडी पट्टी टाचायची, तोच नंबर पावतीवर लिहायचा, आणि न्यायला आलेल्याकडून पावती घेतल्याशिवाय कपडा हातातून सोडायचा नाही. इस्त्रीवाला पलीकडच्या टेबलावर उभा असायचा आणि वाफेतून सल्ले द्यायचा. "पट्टा काढला की कुत्रा बेवारस. तिथं कुठं जन्मदाखला बघतात? दहा दिवस ठेवतात, बरा करतात, आणि उचलला होता तिथं नेऊन सोडतात. तुम्ही तिथं आधीच जाऊन उभ्या राहा. गाडी गेली की कुत्रा घ्या, घरी या. हाय काय अन् नाय काय!"

"आणि घरी चौकशीला आले तर?"

"येतातच. पाळलेलं टाकतात ना लोक. म्हणून आधी शेजाऱ्यांना सांगून ठेवा. विचारलं तर म्हणावं, कुत्रा? यांच्याकडं? छे!"

तिने सांगून ठेवलं. वरच्या काकूंना, समोरच्या शिवणवाल्या ताईंना, जिन्याखालच्या म्हाताऱ्या मामांना. सगळे एका पायावर तयार. "तू काळजीच करू नकोस," काकू म्हणाल्या, "असं सांगते की तुलाच खरं वाटेल." मग तिने घर आवरलं. वाटी कपाटात, पट्टा डब्यात, अंथरूण धुऊन, वाळवून, घडी करून माळ्यावर. केस निघता निघेनात. ओल्या फडक्याने तिने खुर्चीचे पाय, दाराची फट, पलंगाखालचा कोपरा पुसून काढला. दाराच्या खालच्या बाजूला नखांनी ओरबाडलेलं होतं तिथे तपकिरी रंगाचा हात दिला. चौकशीला बाई आल्या, चहा घेऊन गेल्या. "कोण एवढं करतं हल्ली रस्त्यावरच्या जनावरासाठी," जाताना म्हणाल्या. "देव तुमचं भलं करो."

दुसऱ्या दिवशी तिने दवाखान्यात फोन केला. "टाकीपाशी सापडलेला तो कसा आहे?" "आपण कोण?" "मी आणला होता." "ऑपरेशन झालं. बरा आहे." "भेटायला येऊ का?" पलीकडचा आवाज जरा हसला. "बाई, बेवारस वॉर्डात भेटीची वेळ नसते. कोण येणार त्यांना भेटायला?" तिने फोन ठेवला आणि देवाचे आभार मानले. मग वाटलं, आभार मानताना नक्की कोण बरा झाला म्हणून सांगायचं? नाव घ्यायला ती अडखळली. हे काहीतरी नवीनच होतं. संध्याकाळी जिन्यात काकू भेटल्या. "घर कसं खायला उठतं हो," ती म्हणाली. "रावसाहेब नाहीत तर..." काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि शांतपणे विचारलं, "कोण रावसाहेब?" ती हसली. काकू हसल्या नाहीत. "पुरे हो काकू, त्या बाई येऊन गेल्या." "कोण बाई?" काकू म्हणाल्या. "तुझं काहीतरी भलतंच. झोप लागत नाही का तुला? एकटीला घर खायला उठणारच गं, त्यात काय." आणि जिना चढून गेल्या. वर दार लावल्याचा आवाज आला. मग ती शिवणवाल्या ताईंकडे गेली. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी मान हलवली, नाही अशी. काय नाही, हे टाचण्या काढून सांगितलं नाही. मामांना तसं कमीच ऐकू यायचं, ते म्हणाले, "कुत्रा? छे! यांच्याकडं? छे!" अगदी पढवल्याबरहुकूम, डोळ्यांची पापणी न लवता, आणि तिच्याकडे अशा नजरेने बघत राहिले की जणू चौकशीला आलेली बाई तीच असावी.

लोक गंमत करतात. चांगली माणसं आहेत, दिलेल्या शब्दाला जागतायत. तिने स्वतःला असं समजावलं आणि माळ्यावरून फोटो काढला. एकच होता, नवरा खुर्चीवर, मांडीवर रावसाहेब. फोटो काढताना रावसाहेब हलले होते, त्यामुळे मांडीवर नुसता एक तांबूस फराटा उमटला होता. नऊ वर्षं तो फराटा म्हणजे कुत्रा होता, त्यात तिला कान दिसायचे, डोळे दिसायचे, लबाडी दिसायची. आज तिने फोटो खिडकीपाशी नेला, तिरपा धरला. नवऱ्याच्या मांडीवर एक टॉवेल होता. टॉवेलच म्हटलं असतं कुणीही. नवरा मात्र त्या टॉवेलकडे इतक्या कौतुकाने पाहत होता की तिने फोटो पालथा घातला.

मग खुणांचं सुरू झालं. लाँड्रीत पावती हरवलेला एक माणूस आला, राखाडी कोट मागू लागला. असे रोज येतात. तिचं उत्तर ठरलेलं, पावती नाही तर कपडा नाही. "अहो, माझा कोट मी ओळखत नाही का?" "सगळे असंच म्हणतात. खूण सांगा." "डाव्या बाहीच्या आत माझ्या आईने घातलेला टाका आहे, काळ्या दोऱ्याचा." तिने बाही उलटी केली. टाका होता. तिने कोट दिला. दिला नि मनाशी म्हणाली, आता तू सांग. पांढरा पंजा पुढचा. डावा की उजवा? ती रोज संध्याकाळी तो पंजा हातात घेऊन पुसत असे. आठवणीत पंजा तिच्या हातात यायचा, ओलसर, जड, बोटांमध्ये मऊ. पण तिच्या कुठल्या हातात, ते दिसत नव्हतं. कान फाटका होता, हे नक्की. की तो समोरच्या गल्लीतल्या काळ्याचा? "माझा कुत्रा कसा होता हो दिसायला?" तिने सहज विचारल्यासारखं करून इस्त्रीवाल्याला म्हटलं. इस्त्रीवाल्याने वाफेतून पाहिलं. "मी कुठं बघितलाय? तुम्ही सांगायचात तेवढंच." हे खरं होतं. रावसाहेब कधी लाँड्रीत आलेच नव्हते. तरी तिला वाटलं, सगळ्या गावाने मिळून एकाच कागदावर सही केलीय, आणि पहिली सही आपली आहे.

दहाव्या दिवशी फोनवर कळलं, सकाळी अकराला गाडी सोडायला जाईल. ती नऊलाच टाकीपाशी पोचली. टाकी बसमधून दिसायची त्याहून मोठी होती. वर कुठेतरी पाणी ठिबकत होतं, पण खाली ओल दिसत नव्हती. एका खांबाला टेकून पंक्चरवाल्याचं दुकान. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, पाण्याचं घमेलं आणि टायरांची चळत. आणि चळतीच्या आडोशाला पोत्याचं अंथरूण, मधोमध खोलगट, वर्षानुवर्षं कुणीतरी त्यात वळून वळून बसल्यासारखं. पोत्याला तांबूस केस चिकटलेले होते. शेजारी जर्मनची वाटी.

"कुणाचं हे?" तिने विचारलं.

"आमच्या मास्तरांचं," पंक्चरवाला ट्यूब पाण्यात दाबत म्हणाला. "आजारी होते. कोणीतरी पुण्यवान बाईनं उचलून दवाखान्यात टाकलं म्हणे. आज येतायत."

"मास्तर म्हणजे..."

"कुत्रा हो. पण बसायची ऐट बघाल तर! समोर पोरं बसलीयत आणि हा आत्ता गणित घालणार. तांबूस आहे. पुढचा एक पंजा पांढरा."

"कुठला? डावा की उजवा?" तिने इतक्या घाईने विचारलं की तो थांबला.

"डावा," तो म्हणाला. "का हो?"

"किती वर्षं झाली इथं?"

"मी आलो तेव्हापासून आहे. आठ, नऊ. माझ्यापेक्षा जुना असेल." पाण्यात बुडबुडे येऊ लागले, त्याने बोट ठेवलं आणि बुडबुडे थांबले.

तिने टाकीचं नाव का घेतलं होतं? दुसरं काहीही घेता आलं असतं, बाजार, पूल, शाळा. नावच तिच्या तोंडात आधीपासून येऊन बसलेलं होतं, असं आता तिला वाटलं. तिने मनाला ताळ्यावर आणायचा प्रयत्न केला. दोन कुत्रे असतील, एकासारखा दुसरा, जगात काय कमी तांबूस कुत्रे आहेत? याचा मास्तर कुठेतरी हरवला असेल आणि गाडीतून उतरतील ते माझे रावसाहेब असतील. मी हाक मारीन, ते धावत येतील, हा माणूस खजील होईल. हे सगळं तिने नीट रचलं, आणि रचून होतंय तोच गाडी आली.

मागचं दार उघडलं. उतरले ते रावसाहेबच. पोटावरचे केस भादरलेले, मधोमध टाक्यांची रेघ. बेवारस म्हणून डाव्या कानाचं टोक छाटलेलं. डावा पंजा पांढरा. तो पंजा पाहताच सगळं आठवलं, एकदम, पूर आल्यासारखं. डावाच! डाव्याच हातात यायचा! "रावसाहेब," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली. छाटलेला कानही हलला नाही. कुत्रा तिच्या पदराला घासून गेला, पोत्यापाशी थांबला, तीन वेढे घेतले आणि त्या खळग्यात बसला. खळगा त्याला बरोब्बर बसला. पंक्चरवाल्याकडे बघून शेपटी पोत्यावर आपटली, सप् सप्.

"या मास्तर, या," पंक्चरवाला म्हणाला. "बारीक झालात हो."

"अहो थांबा," ती गाडीवाल्याच्या मागे धावली. "तो माझा आहे. नऊ वर्षं माझ्याकडे आहे. मी खोटं बोलले."

गाडीवाला भला माणूस होता. त्याने कागद चाळले. "बाई, सही तुमचीच आहे ना ही? 'माझ्या मालकीचं नाही.'"

"माझीच. खोटी केली. अकरा आठवड्यांत मेला असता हो तो! जे काय बिल होईल ते भरते. महिन्या-महिन्याने, पण पै न् पै भरते. खोट्याची शिक्षा असेल ती पण द्या."

"भरा ना, देणगीची पावती देऊ. पण त्यानं कुत्रा तुमचा कसा होईल?" तो जरा अवघडला. "हे बघा, असं खूप जणांना होतं. बरा करून सोडताना जीव तुटतो, मग म्हणतात माझाच आहे. काही पुरावा आहे? फोटो?"

तिला नवऱ्याच्या मांडीवरचा तो टॉवेल आठवला.

"शेजारीपाजारी कोणी सांगेल? आमच्या बाई जाऊन येतील पुन्हा." तिने मान हलवली. शेजारी काय सांगतील ते तिला पाठ होतं. "मग दत्तक घ्यायचा अर्ज करा," गाडीवाल्याने गाडीतून एक छापील कागद काढून दिला. "जनावर तुमच्यापाशी रमतंय का ते बघायचं, मग ठरतं. इथं येत जा अधूनमधून. सवय होईल त्याला तुमची." आणि टाकीच्या सावलीतून गाडी उन्हात गेली.

ती कागद हातात धरून उभी राहिली. लाँड्रीत जायची वेळ टळून गेली होती. ओढून नेला असता तर? दोरी नव्हती, पण उचलून नेता आला असता. पंक्चरवाला म्हातारा होता, त्याने अडवलं नसतं. पण कुणाला उचलायचं? तिने त्या तोंडाकडे पाहिलं. राग नव्हता. तो असता तर तिने पाय धरले असते. ओळखूनही न ओळखल्यासारखं करावं, असली माणसांची लबाडीही नव्हती. तिथे काहीच नव्हतं. नुसता एक बरा झालेला, दमलेला, अनोळखी जीव होता, आणि तो तिच्याकडे रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही बाईकडे बघावं तसा, सौजन्याने, बघत होता.

"बसा की जरा," पंक्चरवाला म्हणाला. "पाणी देऊ?"

ती खाली वाकली. हाक मारली नाही. माझा म्हणाली नाही. मनातल्या मनातही नाही, कारण तो शब्द वापरायचा हक्क आपण कुठल्या खिडकीत ठेवून आलो हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने नुसता हात पुढे केला, उपडा, परक्या कुत्र्यापुढे करतात तसा, आणि वाट पाहिली. कुत्र्याने मान लांब केली. तिची बोटं हुंगली, एकेक करून, मग तळवा, मग मनगट. घाई नव्हती, नवीन माणूस नीट पारखून घ्यावा तसं. साबणाचा वास, वाफेचा वास, रंगाचा वास. त्याच्याही आत काही असेल, तर तिथपर्यंत तो पोचला की नाही हे त्याच्या तोंडावरून कळलं नाही. मग त्याने नाक मागे घेतलं, एक उसासा टाकला, टाके सांभाळत जड अंगाने उठला आणि पोत्याच्या कडेला जाऊन बसला. अर्धं पोतं रिकामं झालं. त्यावरची ऊब अजून गेली नव्हती.

"घ्या," पंक्चरवाला म्हणाला, "जागा केली तुम्हाला."

ती बसली.